पाडायच्या आधी यादी
अभ्यास पाठ : बांधकामातली चक्राकार अर्थव्यवस्था आणि आपलं नेतृत्व



मागे ग्रामसंघाच्या एका बैठकीत आपल्या एक ताई मधेच उठल्या. "मॅडम, लवकर जाते. घरकुल मंजूर झालंय. सोमवारी जेसीबी येणार, जुनं घर पाडायचंय." मी सहज विचारलं, "पाडल्यावर माल कुठं ठेवणार ताई?" त्या हसल्या. "कसला माल? समदी मातीच तर हाय."

हे वाक्य मी आधीही ऐकलेलं होतं, तीन वर्षांपूर्वी आजोळी, माझ्या मामांच्या तोंडून. त्याची किंमत आमच्या मामीने बचत गटाच्या कर्जातून फेडली. म्हणून या अंकाचा पाठ याच विषयावर घेतला आहे. गटाच्या एका बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि शेवटचा उपक्रम मात्र नक्की करा.

आधी आमच्या मामीची गोष्ट

आजोळचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर सागवानी तुळया आणि वासे, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. घरकुल मंजूर झालं, तसा मामांनी एका पाडकाम करणाऱ्याशी सौदा केला. तो म्हणाला, "पाडायचे पैसे नको, निघेल तो माल माझा." मामांना वाटलं, फुकटात काम झालं. सकाळी दहाला मशीन लागलं आणि दुपारी दोनला जागा मोकळी. तुळया, वासे, तीन चौकटी, दारं, दगड, सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून गेलं.

मी तेव्हा नुकतीच एम.एस.डब्ल्यू. पास झाले होते. पर्यावरणावर प्रकल्प केला होता, चांगले मार्कही मिळाले होते. आणि त्या दिवशी मी काय करत होते? ओट्यावर उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मामी एवढंच म्हणाली, "ती तुळई माझ्या सासऱ्यांनी बैलगाडीतून आणली होती गं." मला तेव्हा ते फक्त मायेचं बोलणं वाटलं, त्यातला हिशोब दिसला नाही.

आठ दिवसांनी पायाचं काम सुरू झालं. पायाला दगड लागला, तो ट्रॅक्टरने विकत आणला. म्हणजे आमचाच दगड ट्रॅक्टरने बाहेर गेला आणि दुसऱ्याचा दगड ट्रॅक्टरने आत आला. जोत्याच्या भरावाला मुरूम विकत घेतला. चौकटी आणि दारं विकत घेतली. पैसे कमी पडले, म्हणून मामीने गटातून 40 हजारांचं कर्ज उचललं. पुढे एकदा तिने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला : पायाचा दगड आणि वाहतूक 14 हजार, भराव 6 हजार, चौकटी-दारं 13 हजार. बेरीज 33 हजार. म्हणजे 40 हजारांच्या कर्जातले 33 हजार अशा वस्तूंवर गेले, ज्या आमच्या घरात आधीच होत्या.

ते वहीचं पान मी अजून विसरलेले नाही. आजचा पाठ त्या पानावरूनच सुरू करूया.

चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे काय?

शब्द मोठा आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लुगडं विरलं की त्याची गोधडी होते. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं होतं, आणि शेवटी चुलीपाशी पोतेरं म्हणून उरतं. एकच कापड चार वेळा कामाला येतं. याला म्हणायचं चक्र.

याच्या उलट सरळ रेषेचा व्यवहार असतो. खाणीतून काढा, वापरा, फेकून द्या. पुन्हा नवीन काढा. आजचं बहुतेक बांधकाम या सरळ रेषेने चालतं. नदीतून वाळू, डोंगरातून खडी, शेतातल्या चांगल्या मातीची वीट, आणि पाडलेल्या घराचा राडारोडा ओढ्याच्या काठाला.

यात सिमेंटचा वाटा मोठा आहे. चुनखडी जवळजवळ 1450 अंश तापमानाला भाजून सिमेंटचा मूळ माल तयार होतो. त्यासाठी कोळसा जळतो, आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. जगात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. सिमेंट बनवण्यात चीननंतर आपल्याच देशाचा नंबर आहे. अवकाळी पाऊस, उन्हाचा कडाका यांचा फटका शेवटी आपल्याच तुरीला आणि सोयाबीनला बसतो. म्हणून सिमेंटचं एक पोतं वाचलं तर पैसे वाचतातच, पण तेवढ्यावर ते थांबत नाही.

युरोपात नेदरलँड्स नावाचा छोटा देश आहे. 2050 सालापर्यंत सगळा देश चक्राकार पद्धतीने चालवायचा, असं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. तिथे काही इमारतींचा 'मटेरियल पासपोर्ट' तयार करतात. म्हणजे या इमारतीत किती लोखंड, किती लाकूड, किती काच, ते कुठे बसवलंय आणि कसं काढता येईल, याची नोंद. आपण त्याला साध्या भाषेत घराची यादी म्हणू. मामीने तीच यादी केली होती, फक्त घर पाडल्यानंतर. ती पाडायच्या आधी व्हायला हवी होती.

पाच पायऱ्या, वरून खाली

जुन्या घराचं काय करायचं, हे ठरवताना या क्रमाने विचार करा. वरची पायरी जमत असेल तर खाली उतरायचं नाही.

पहिली पायरी : दुरुस्ती. घर पाडायलाच हवं का? एखादी भिंत किंवा छप्पर नीट करून भागेल का?

दुसरी पायरी : आहे तसा वापर. दार दार म्हणून, चौकट चौकट म्हणून, दगड पायात.

तिसरी पायरी : रूप बदलून वापर. मोडक्या तुळईची खिडकीची चौकट किंवा मांडणी, फळ्यांची सेंट्रिंगला मदत.

चौथी पायरी : फोडून वापर. विटांचा रोडा जोत्याच्या भरावाला. जुन्या वाड्यांत विटांची पूड चुन्यात मिसळून वापरत, तिला सुरखी म्हणत. ती हीच पायरी.

पाचवी पायरी : टाकणे. अगदीच काही उरलं तर, आणि तेही ओढ्यात किंवा रस्त्यावर नाही.

शहरात चौथ्या पायरीचे कारखाने आहेत. दिल्लीत बुराडी इथे 2009 पासून पाडकामाच्या राडारोड्यातून खडी, वाळू आणि फुटपाथचे ब्लॉक तयार होतात. 2016 साली केंद्र सरकारने बांधकामाच्या कचऱ्यासाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. त्याच वर्षी भारतीय मानकातही बदल झाला आणि अशा पुनर्वापराच्या खडीला काँक्रीटमध्ये ठरावीक प्रमाणात परवानगी मिळाली. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये ती 20 टक्क्यांपर्यंत चालते, तीही एम-25 किंवा त्याहून कमी ताकदीच्या. आपल्या गावात असा कारखाना नाही. पण आपल्याला वरच्या तीन पायऱ्या जमतात, आणि खरी बचत तिथेच असते.

किल्लारीने शिकवलेला धडा

दुरुस्ती पहिल्या पायरीवर का, याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण आजी अजूनही पहाटे भांडं पडल्याचा आवाज आला की दचकून उठते.

त्यानंतर लोकांनी दगडमातीच्या घराचा धसका घेतला. दगड म्हणजे मरण, असं मनात बसलं. ते समजण्यासारखं आहे. पण तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा दिसलं की एकट्या दगडाचा दोष नव्हता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर वेगवेगळे रचलेले, मध्ये चिपा आणि माती भरलेली, आणि दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही. वरून माळवदावर वर्षानुवर्षं माती टाकत गेल्याने छताचं ओझं भयंकर वाढलेलं. हादरा बसला तशी भिंत फुगली आणि ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. पण दोन लाखांच्या आसपास घरं अशी होती की ती दुरुस्त आणि मजबूत करायची होती. छतावरची जास्तीची माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा घालणे, खांब आणि तुळईला तिरके आधार देणे, अशी ती कामं होती. दगड तोच, लाकूड तेच, फक्त जोडणी शहाणपणाची. 'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द तेव्हा गावात कोणी ऐकलेला नव्हता, पण काम तेच होतं.

आणि यात बायका कुठे होत्या? हा भाग आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने हजाराहून जास्त गावांत लोकांना या कामात जोडायची जबाबदारी घेतली. गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. घरोघर जाऊन मदतीची माहिती देणं, काम कसं करायचं ते समजावणं, अभियंत्याशी बोलणं, बैठका घेणं, हे त्यांनी केलं. काही जणींनी गवंडीकामही शिकून घेतलं. 26 जानेवारी 2001 ला गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. ज्यांना आधी घराच्या कामात कोणी विचारत नव्हतं, त्या दुसऱ्या राज्यात जाऊन घर कसं बांधायचं हे सांगत होत्या.

कोणता माल ठेवायचा, कोणता नाही

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. घर पडलं तर माणूस जातो, म्हणून तपासूनच वापरायचं.

लाकूड : ठोकून बघा. टणक आवाज आला तर आतून चांगलं. बद्द आवाज आला तर पोखरलेलं. दाभण टोचून बघा, सहज आत गेलं तर ते लाकूड छताला नको. वाळवी लागलेलं लाकूड चांगल्या लाकडाशेजारी रचू नका.

वीट : दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. कोरडी वीट तोलून 24 तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली, तर ती जास्त पाणी पिते. ती भिंतीला नको, भरावाला चालेल.

दगड : दगड म्हातारा होत नाही. मातीत रचलेला दगड तर धुऊन पुन्हा जसाच्या तसा वापरता येतो.

पांढरी माती : जुन्या भिंतीची आणि माळवदाची माती आपले शेतकरी पूर्वीपासून शेतात टाकत आले आहेत. त्यातला सिमेंटचा तुकडा आणि प्लॅस्टिक तेवढं वेचून काढा.

लोखंडी पत्रे आणि अँगल : नट-बोल्टने बसवलेले असतील तर खोलून काढा. गंजून चाळण झालेला पत्रा भंगारात द्या.

सळई : काँक्रीटमधून काढलेली वाकडी सळई हातोड्याने सरळ करून कॉलमला किंवा स्लॅबला वापरू नका. ती भंगारात द्यायची. लोखंड पुन्हा पुन्हा वितळवता येतं, त्यामुळे ते वाया जात नाही.

सिमेंटचे पत्रे : इथे खास काळजी घ्या. अनेक सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा फोडला किंवा कापला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. हे पत्रे फोडू नका. पाणी मारून, नाका-तोंडावर मास्क लावून, अख्खे उतरवा. लेकरांना तिथे फिरकू देऊ नका. त्याचा चुरा भरावात अजिबात घालायचा नाही.

वायर आणि बोर्ड : जुनी वायर नव्या घरात नको. आगीचा धोका असतो.

नवीन बांधताना पुढचा विचार

मातीत किंवा चुन्यात बांधलेली वीट पाडताना अख्खी निघते. सिमेंटमध्ये बांधलेली बहुधा फुटते. बोल्टचा अँगल खोलता येतो, वेल्डिंगचा कापावा लागतो. म्हणजे माल किती चांगला यापेक्षा तो जोडला कसा, यावर पुढची पिढी तो वापरू शकेल की नाही हे ठरतं. सगळं घर मातीत बांधा असं मी म्हणत नाही. पण जिथे बोल्ट चालतो तिथे वेल्डिंग कशाला, एवढं तर मिस्त्रीला विचारता येईल.

लॉरी बेकर नावाचे वास्तुविशारद होऊन गेले. जन्म इंग्लंडमधला, 1917 चा, पण आयुष्य भारतात, पुढे केरळात तिरुवनंतपुरमला गेलं. 1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या ते नव्या घरात बसवत. त्यांनी लोकप्रिय केलेल्या दोन गोष्टी आपल्याला उपयोगी आहेत.

एक, 'रॅट ट्रॅप बाँड'. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच, पण साधारण पाव हिस्सा विटा कमी लागतात. हिशोब करून बघा. भिंतींना 10 हजार विटा लागणार असतील तर अडीच हजार वाचल्या. वीट 8 रुपयांना धरली तर 20 हजार रुपये. पोकळीमुळे उन्हाळ्यात घर कमी तापतं, हा वरचा फायदा. पण विटा एकसारख्या मापाच्या लागतात आणि मिस्त्रीला हात बसलेला असावा लागतो.

दोन, 'फिलर स्लॅब'. स्लॅबच्या खालच्या भागातलं बरंचसं काँक्रीट ताकदीच्या कामाचं नसतं. तिथे सळयांच्या मधल्या चौकोनात जुनी मंगळुरी कौलं ठेवतात आणि वरून काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचतं आणि जुन्या कौलांना जागा मिळते.

या दोन्ही गोष्टी अभियंत्याला विचारल्याशिवाय करायच्या नाहीत. आपला भाग भूकंपाचा आहे. जोत्याला, लिंटलला आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई हवीच. तिथे काटकसर नाही.

तिसरी गोष्ट राखेच्या विटांची. परळी, पारस, कोराडी, चंद्रपूर अशा औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळून राख उरते. ती सिमेंट किंवा चुन्यात मिसळून वीट बनते. तिला शेतातली माती लागत नाही आणि भट्टीही लागत नाही. एका ठिकाणचा कचरा दुसऱ्या ठिकाणचा कच्चा माल, हे चक्राचं सोपं उदाहरण. घेताना तीच आपटून आणि भिजवून बघायची परीक्षा करा.

मग नेतृत्व कशाला म्हणायचं?

नेतृत्व म्हटलं की आपल्याला स्टेज, माइक आणि हार आठवतो. पण बांधकामातलं नेतृत्व एका छोट्या क्षणात असतं. जेसीबी दारात यायच्या आधी "थांबा, आधी यादी करू" असं जी म्हणते, ती नेता. त्या क्षणी आमच्या घरात कोणी बोललं नाही. मामीला किंमत माहीत होती, पण तिला कोणी विचारलं नाही. मला शिक्षण होतं, पण मी तोंड उघडलं नाही.

बोलायचा आपल्याला हक्क आहे का? आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर घरातल्या बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर करायचं, असा नियमच आहे, काही अपवाद सोडून. 2016 ला ही योजना सुरू झाली तेव्हा सपाट भागासाठी मदत ठरली 1 लाख 20 हजार आणि घर किमान 25 चौरस मीटरचं. एवढ्यात घर पुरं होत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. उरलेले पैसे कुठून येतात? बहुतेक वेळा आपल्या गटातून, आपल्या सहीने. ज्या कर्जावर आपली सही, त्या खर्चाच्या यादीवर आपली नजर नको का?

इतर ठिकाणी बायका याच्याही पुढे गेल्या आहेत. झारखंडमध्ये शौचालयं बांधताना गटातल्या बायका गवंडी झाल्या. तिथे गवंड्याला 'राज मिस्त्री' म्हणतात, म्हणून या झाल्या 'राणी मिस्त्री'. केरळात कुटुंबश्रीच्या महिलांचे बांधकाम गट घरं बांधतात. आपल्याकडेही काही गट सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा विकत घेऊन भाड्याने देतात. तीच प्लेट पन्नास स्लॅबना कामाला येते. तो चक्राचाच धंदा आहे, फक्त आपण त्याला ते नाव दिलं नव्हतं.

आपल्या ग्रामसंघाला अशी 'साहित्य पेढी' चालवता येईल. एक मोकळी जागा, एक रजिस्टर आणि एक जबाबदार ताई. कोणाकडे चौकट जास्तीची आहे, कोणाला हवी आहे, याची नोंद. आधी पैसा लावायची गरज नाही. पहिले सहा महिने फक्त नोंद ठेवली तरी गावात किती माल फिरतो ते कळेल.

गटात करायचा उपक्रम : घराची यादी

या महिन्यात गावात ज्या घराचं पाडकाम किंवा दुरुस्ती ठरली आहे, असं एक घर निवडा. घरच्या ताईंची परवानगी घेऊन तीन-चार जणी जा. सोबत मिस्त्री असेल तर उत्तम. वहीत पाच रकाने आखा :

1. वस्तू : चौकट, वासा, दगड, पत्रा वगैरे
2. नग किंवा माप
3. स्थिती : चांगली, दुरुस्तीची, निकामी
4. पुढे कुठे वापरणार
5. नवीन घेतली असती तर किती लागले असते

पाचव्या रकान्याची बेरीज करा आणि बैठकीत मोठ्याने वाचा. माल उतरवायची मजुरी आणि ठेवायची जागा यांचा खर्च त्यातून वजा करा, नाहीतर हिशोब फसवा होईल. भिंत पाडण्याचं काम माणसं लावूनच करा. आपण स्वतः पडक्या भिंतीखाली उभ्या राहायचं नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावात मागच्या वर्षी किती घरं पाडली? त्यांचा राडारोडा आज कुठे आहे?
2. घर पाडायचा सौदा घरात कोण ठरवतं? त्या वेळी आपण कुठे असतो?
3. गटातून घरासाठी कर्ज देताना जुन्या मालाची यादी मागायची का? ठराव करता येईल का?
4. आपल्या गावात गवंडीकाम शिकायची इच्छा कोणाला आहे?

जाता जाता

सुरुवातीला सांगितलेल्या त्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गटाच्या सचिव ताई त्यांच्या घरी गेलो. दादा आधी कुरकुरले, "जेसीबीवाल्याला सोमवारचा शब्द दिलाय." पण सासूबाईंनी आतून आवाज दिला, "चार दिसांनी काय घर पळून जातंय व्हय?" तेवढ्यावर काम झालं.

यादी केली. सगळंच काही चांगलं निघालं नाही. तीनपैकी एक चौकट वाळवीने खाल्लेली. अकरा वाशांपैकी सात धड होते. मिस्त्रीने ते गोठ्याच्या छपराला ठरवले. दगड मात्र सगळा कामाचा, तो नव्या पायात गेला. माती दादांनी शेतात नेली. जेसीबी शुक्रवारी आला आणि दोन तासांचं काम करून गेला. ताईंनी गटाकडे 50 हजारांचं कर्ज मागितलं होतं, त्यातले 30 हजारच उचलले.

मी मामीला फोन करून हे सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं. आता सगळ्या गटांना सांग."

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गटाने केलेली यादी पुढच्या महिन्याच्या बैठकीत जरूर घेऊन या.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक